आदिलाबादच्या मराठी विद्यार्थ्यांची प्रवेश परीक्षा नववीपासूनच सुरू होते

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला, जैनथ, तांसी, भीमपूर या पैनगंगेलगतच्या मंडलांत दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न चर्चिला जातो. मुलाला वा मुलीला आदिलाबादेत इंटरमीजिएटला घालावे, की किनवट, पांढरकवडा किंवा नांदेडला अकरावीत? नदीपलीकडे नातेवाईक असतात, भाषा आपलीच असते आणि खर्चाचा हिशेबही पुष्कळदा तिकडेच झुकतो. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबाद जिल्ह्यातून तत्कालीन मुंबई राज्याकडे गेले; सोयरीक आणि बाजारहाट मात्र पूर्वीसारखेच राहिले. त्यामुळे हा निर्णय घरगुती वाटतो. वस्तुतः पुढे कोणती प्रवेश परीक्षा कोणत्या भाषेत द्यावी लागेल आणि कोणत्या जागांवर हक्क सांगता येईल, हे सारे त्याच एका निर्णयाने ठरून जाते.

स्थानिकत्वाचा नियम

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१-ड खालील व्यवस्थेनुसार तेलंगणातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या ८५ टक्के जागा स्थानिक उमेदवारांसाठी असतात. येथे स्थानिक म्हणजे जन्माने स्थानिक नव्हे. पात्रता परीक्षेच्या वर्षापर्यंतची सलग चार शैक्षणिक वर्षे ज्याने राज्यात काढली तो स्थानिक, असा या नियमाचा सर्वसाधारण अर्थ आहे. ही चार वर्षे म्हणजे नववी, दहावी आणि इंटरमीजिएटची दोन वर्षे. वैद्यकीय प्रवेशासाठी राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये हीच अट अधिक काटेकोर केली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले, पण १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. राज्याबाहेर नोकरीनिमित्त राहणारे राज्य सरकारी कर्मचारी, सैनिक अशा काही गटांच्या पाल्यांना सवलत आहे. शेतकरी वा मजूर कुटुंबाने सोयीसाठी मुलाला पलीकडे शिकवले तर ती लागू होत नाही.

म्हणजे बेल्यात जन्मलेली, तेथेच दहावी झालेली मुलगी केवळ दोन वर्षे नांदेडला शिकली, तर आदिलाबादच्याच राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेत ती स्थानिक उमेदवार म्हणून उभी राहू शकत नाही. अभियांत्रिकीत आईवडिलांच्या दहा वर्षांच्या वास्तव्यावर उरलेल्या १५ टक्के जागांसाठी अर्ज करता येतो, पण तेथील स्पर्धा निराळी असते.

पलीकडेही तिचे स्वागत आपोआप होत नाही. महाराष्ट्रातील राज्य कोट्यासाठी सामान्यतः दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे आणि अधिवास किंवा जन्म तेथील असणे अपेक्षित असते. कर्नाटकातील वादग्रस्त ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्राने जी खास सवलत दिली आहे, तिच्यात आदिलाबाद येत नाही. अनेक पालकांचा येथे गैरसमज असतो, आणि तो अर्ज भरण्याच्या दिवशीच दूर होतो. बंजारा समाजाची अडचण तर दुहेरी आहे. तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत मोडतात, महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींत गणला जातो. नार्नूर वा इंद्रवेल्लीचा विद्यार्थी किनवटला अकरावीत गेला म्हणून त्याची जात बदलत नाही, पण महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत त्याचे येथील प्रमाणपत्र आरक्षणासाठी उपयोगी पडत नाही.

कोणती परीक्षा, कोणत्या भाषेत

अभियांत्रिकी, कृषी व औषधनिर्माणशास्त्रासाठी राज्याची परीक्षा म्हणजे ईएपीसेट. २०२४ पूर्वी तिला एम्सेट म्हणत. उच्च शिक्षण परिषदेच्या वतीने हैदराबादचे जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठ ती संगणकावर घेते. १८० मिनिटांत १६० प्रश्न सोडवायचे असतात. अभियांत्रिकीसाठी गणिताचे ८०, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४०. कृषी व औषधनिर्माणासाठी गणिताच्या जागी जीवशास्त्राचे ८०. चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. पूर्वी इंटरमीजिएटच्या गुणांना असलेला २५ टक्के भार आता काढून टाकला आहे, त्यामुळे क्रमांक केवळ या तीन तासांवर ठरतो.

ही प्रश्नपत्रिका इंग्रजीसोबत तेलुगूत, आणि अभियांत्रिकीसाठी उर्दूतही, मिळते. मराठीत मिळत नाही. वैद्यकीयची नीट आणि अभियांत्रिकीची जेईई मेन या देशव्यापी परीक्षा तेरा भाषांत होतात आणि त्यांत मराठी आहे, हे खरे. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच दिली जाते. तेलंगणातील केंद्रांवर प्रादेशिक भाषा म्हणून तेलुगू असते. अर्जात ‘मराठी’ दिसते म्हणून ती आपल्या केंद्रावर मिळेल असे धरून चालणे धोक्याचे आहे. पलीकडच्या एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मराठीत सोडवता येते, मात्र गणिताचे प्रश्न तेथेही इंग्रजीतच असतात.

तेव्हा मराठी माध्यमातून दहावी होणाऱ्या विद्यार्थ्यापुढची खरी अडचण बुद्धीची नसून वाचनवेगाची आहे. ईएपीसेटमध्ये एका प्रश्नाला सरासरी ६७ सेकंद मिळतात. त्यातील वीस सेकंद ‘ॲक्सलरेशन’ म्हणजे त्वरण आणि ‘व्हॅलन्सी’ म्हणजे संयुजा हे मनात जुळवण्यात गेले, तर येणारे गणितही सुटत नाही. ही जुळवाजुळव इंटरमीजिएटच्या पहिल्या वर्षी सुरू केली की उशीर झालेला असतो, कारण त्याच वर्षी अभ्यासक्रमाचा निम्मा भार येऊन पडतो. नववीपासून विज्ञान व गणिताच्या प्रत्येक धड्याच्या संज्ञा मराठी व इंग्रजी शेजारीशेजारी लिहिलेली एक वही ठेवावी. दहावीच्या सुट्टीत त्याच धड्यांची इंग्रजी पुस्तके वाचावीत. महागड्या शिकवणीपेक्षा या वहीचा उपयोग अधिक होतो.

तेलुगूचाही येथे विचार व्हावा. २०१८ च्या कायद्याने राज्यातील शाळांत दहावीपर्यंत तेलुगू सक्तीची आहे, आणि मराठी घरांत ती ओझे मानली जाते. परीक्षेच्या पडद्यावर मात्र इंग्रजी वाक्य अडले तर शेजारचे तेलुगू वाक्य आधार देते, कारण दोन्ही भाषांच्या शास्त्रीय संज्ञा बहुतांशी संस्कृतातून आल्या आहेत. त्वरण तेलुगूतही ‘त्वरणम्’ आहे, बल ‘बलम्’ आहे. सावध राहावे ते सारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून. मराठी पाठ्यपुस्तकात ‘शक्ती’ म्हणजे पॉवर, तेलुगूत ‘शक्ति’ म्हणजे ऊर्जा. पॉवरला तेथे ‘सामर्थ्यम्’ म्हणतात. आपल्या वस्तुमानाला तेलुगूत ‘द्रव्यराशि’ हा शब्द आहे. असे पन्नाससाठ शब्द वहीच्या तिसऱ्या रकान्यात उतरवले तरी पुरते.

तयारीची रीत परीक्षेगणिक बदलते

गुणकपात नसल्याने ईएपीसेटमध्ये एकही प्रश्न कोरा ठेवू नये. नीटमध्ये नेमके उलट आहे. तेथे १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकीला एक गुण वजा. अंदाजाने दिलेली उत्तरे महागात पडतात. नीट अजून कागदावर होते, तर जेईई मेन व ईएपीसेट संगणकावर. ज्या मुलाने घरी कधी माऊस धरलेला नाही, त्याने अधिकृत संकेतस्थळावरील सराव चाचण्या परीक्षेपूर्वी चारपाच वेळा तरी सोडवाव्यात, मग त्यासाठी आदिलाबादच्या एखाद्या इंटरनेट केंद्रात तास मोजून पैसे द्यावे लागले तरी चालेल. अभ्यासक्रमातही फरक आहे. ईएपीसेट इंटरमीजिएटच्या दोन्ही वर्षांवर असते. एमएचटी-सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्केच. त्यामुळे महाराष्ट्रातील शिकवणीच्या टिपणांवर ईएपीसेटची तयारी केली तर पहिल्या वर्षाचा भाग कच्चा राहतो.

खर्चाशिवाय मिळणारे साहित्य कमी नाही. राज्य सरकारच्या टी-सॅट वाहिन्यांवर ईएपीसेटचे धडे असतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालय व आयआयटी कानपूर यांचे ‘साथी’ हे व्यासपीठ नीट व जेईईसाठी विनामूल्य आहे.

सर्वांनी प्रवेश परीक्षेच्याच मागे लागावे असेही नाही. गोदाकाठचे बासर मराठी माणसाला अक्षरारंभासाठी ठाऊक आहे; तेथील राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठात दहावीच्या गुणांवर सहा वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो, आणि अनिवासी सरकारी शाळांतील मुलांना गुणांत अधिक भार दिला जातो. जिल्हा परिषद शाळेतील हुशार मुलासाठी याहून थेट वाट क्वचितच असेल. पदविकेसाठी पॉलिसेट आहे. कला, वाणिज्य, विज्ञानाच्या पदवीसाठी ‘दोस्त’ या प्रणालीत इंटरमीजिएटचे गुणच पाहिले जातात. कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांनी प्रा. जयशंकर कृषी विद्यापीठातील शेतकऱ्यांच्या मुलांसाठीच्या राखीव जागांची चौकशी जरूर करावी. तिच्यासाठी जमिनीची कागदपत्रे आणि ग्रामीण भागात शिकल्याचे दाखले आधीच जमवावे लागतात.

शाळेचे दाखले हा शेवटचा पण अडवणारा विषय. सहावीपासून इंटरमीजिएटपर्यंत प्रत्येक वर्षाचे शिक्षण कोठे झाले, हे दाखवणारे बोनाफाईड दाखले समुपदेशनाच्या वेळी मागितले जातात. मध्येच शाळा बदललेल्या मुलाला ते दोनतीन गावांतून आणावे लागतात. मराठी शाळेच्या दाखल्यावरील, आधार कार्डावरील आणि जातीच्या प्रमाणपत्रावरील नावाचे स्पेलिंग वेगवेगळे असणे ही सीमाभागातली नेहमीची गोष्ट. ती दुरुस्ती दहावीचा परीक्षा अर्ज भरण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून करून घ्यावी, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर छापलेले नावच पुढे सर्वत्र प्रमाण धरले जाते.