अर्भकाची वेदना : एका समजुतीचा इतिहास

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मुलांचे कान टोचण्याचा विधी सांगितला आहे. मूल सहा-सात महिन्यांचे असावे, त्याला दाईच्या मांडीवर बसवावे, खेळणी दाखवून त्याचे मन रमवावे, गोड शब्दांनी चुचकारावे. मग वैद्याने डाव्या हाताने कानाची पाळी ओढून, सूर्यप्रकाशात जेथे ती पातळ व उजळ दिसते तेथे उजव्या हाताने हळूच, सरळ टोचावे, असा त्या विधीचा क्रम आहे. मोठ्या माणसावर शस्त्र चालवण्यापूर्वी, ज्याला मद्याची सवय आहे व वेदना सोसत नाही, त्याला तीक्ष्ण मद्य पाजावे, हेही तेथेच पुढे आले आहे. प्राचीनांस सर्व काही ठाऊक होते, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. परंतु ह्या वर्णनात एक गोष्ट इतकी सहज गृहीत धरलेली आहे की तिच्यासाठी ग्रंथकाराने वेगळे वाक्यसुद्धा खर्चिलेले नाही. ती अशी की, सहा महिन्यांच्या मुलाला दुखते. विसाव्या शतकात, जगातील अत्यंत सुसज्ज रुग्णालयांत, ह्याच गोष्टीविषयी शंका घेतली गेली आणि ती दूर होण्यास १९८७ साल उजाडावे लागले, हे आज सांगितले तर कोणास खरे वाटणार नाही.

भुलीचा शोध लागला तेव्हा मुलांना वगळण्याचा विचार कोणाच्या मनात नव्हता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टनने ईथरचा जाहीर प्रयोग केला. दुसऱ्याच वर्षी ईथर कलकत्त्यास पोहोचले आणि त्याच वर्षी एडिंबरो येथे सिम्पसनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. परंतु क्लोरोफॉर्मचा पहिला ज्ञात बळी पडला तोही एका मुलीचाच. जानेवारी १८४८ मध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्षणार्धात गतप्राण झाली. भूल हे दुधारी शस्त्र आहे ही जाणीव तेव्हापासून वैद्यकाच्या मनात घर करून बसली. शरीर जितके लहान, तितके प्रमाण चुकण्याचे भय मोठे. पुढे जे घडले त्याच्या मुळाशी क्रौर्य नव्हते, हे भय होते. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, अशी आमची विनंती आहे; नाहीतर हा इतिहास निव्वळ आरोपपत्र होऊन बसेल.

बालशल्यशास्त्र ही स्वतंत्र विद्या म्हणून उभी राहिली ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. बोस्टनचे विल्यम लॅड ह्यांनी मुलांच्या शस्त्रक्रियेस आयुष्य वाहिले. त्यांचे साहाय्यक रॉबर्ट ग्रॉस ह्यांनी २६ ऑगस्ट १९३८ रोजी, वरिष्ठ रजेवर असताना, सात वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाजवळची डक्टस आर्टिरिओसस ही रक्तवाहिनी बांधून टाकली. गर्भावस्थेत ही वाहिनी आवश्यक असते, जन्मानंतर ती आपोआप मिटते. न मिटल्यास हृदयावर व फुप्फुसांवर भार पडतो. मुलगी बरी झाली, दीर्घायुषीही झाली. १९४१ साली मिशिगनमध्ये कॅमेरॉन हेट ह्यांनी, अन्ननलिका अर्धवट राहून जन्मलेल्या बारा दिवसांच्या मुलीची नलिका एकाच शस्त्रक्रियेत जोडून दाखविली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बॉल्टिमोर येथे आल्फ्रेड ब्लॅलॉक ह्यांनी सव्वा वर्षाच्या एका 'निळ्या' बालिकेवर शस्त्रक्रिया केली. तिची कल्पना हेलन टॉसिग ह्यांची होती. ब्लॅलॉक ह्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून त्यांना टाका-टाका सुचविणारे व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय प्रयोगशाळा-साहाय्यक होते. कुत्र्यांवरील असंख्य प्रयोगांनी ती शस्त्रक्रिया त्यांच्याच हातात बसली होती. त्यांच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती, आणि त्यांच्या नावाला योग्य मान मिळण्यास पुढे कित्येक दशके लागली. १९५३ साली लिव्हरपूल येथे केवळ नवजात अर्भकांच्या शस्त्रक्रियेसाठी स्वतंत्र विभाग निघाला. पूर्वी ज्यांना देवाच्या स्वाधीन करून माणसे मोकळी होत, ती मुले आता जगू लागली.

जगू लागली, परंतु कशी? येथे क्युरारे ह्या द्रव्याचा प्रवेश होतो. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणाच्या टोकास लावीत ते हे विष. ते स्नायू लुळे पाडते. १९४२ च्या जानेवारीत मॉन्ट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ ह्यांनी ते भुलीच्या जोडीला वापरले आणि शल्यविशारदांची मोठी सोय झाली, कारण पोटाचे स्नायू सैल पडत व ईथर पुष्कळ कमी लागे. लवकरच प्रश्न निघाला : क्युरारेने शुद्ध हरपते काय? त्याचे उत्तर स्कॉट स्मिथ नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञाने स्वतःच्या देहावर मिळविले. त्याने ते विष पूर्ण मात्रेने टोचून घेतले, बोट किंवा पापणीही हलविता येईना अशी अवस्था होऊ दिली, दुसऱ्याकडून कृत्रिम श्वास घेतला आणि परिणाम उतरल्यावर सांगितले की त्या सर्व काळात आपल्याला ऐकू येत होते, कळत होते, दुखतही होते. हा वृत्तान्त १९४७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे क्युरारेने माणूस केवळ निश्चल होतो, ही गोष्ट तेव्हापासून छापील होती.

असे असता १९५० नंतर नवजात अर्भकांच्या बाबतीत जी पद्धत रूढ झाली तिच्यात क्युरारे किंवा त्याच्या जातीचे औषध, नायट्रस ऑक्साइड वायू आणि कृत्रिम श्वसन एवढ्यावर काम भागविले जाई. नायट्रस ऑक्साइड हे सौम्य वेदनाहारक आहे. छाती उघडण्याच्या वेदनेपुढे त्याचे बळ कितीसे पुरणार! अकाली जन्मलेल्या, नाजूक बालकांना तर पुष्कळदा तेवढेही दिले जात नसे. ही पद्धत ज्यांनी बसविली ते हेळसांड करणारे लोक नव्हते. ईथरने अर्भकाचा श्वास बंद पडतो, रक्तदाब कोसळतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. नव्या पद्धतीने मुले वाचत होती, आणि मेजावरील मूल शांत दिसत होते. त्याला रडता येत नव्हते म्हणून ते शांत होते, ही साधी गोष्ट मात्र दृष्टीआड झाली.

दृष्टीआड होण्यास शास्त्राचाही आधार सापडला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लेक्सिग ह्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले होते की नवजाताच्या मेंदूतील पुष्कळ तंतूंवर मायेलिन ह्या स्निग्ध द्रव्याचे आवरण अद्याप चढलेले नसते. त्यावरून, ते तंतू संदेश वाहण्यास असमर्थ असावेत, असे अनुमान पुढील लोकांनी काढले. प्रौढ माणसातही वेदनेचा मोठा भाग आवरण नसलेल्या किंवा पातळ आवरणाच्या तंतूंमधूनच जातो, हे सोयीस्करपणे विसरले गेले. १९४१ साली मर्टल मॅकग्रॉ ह्या मानसशास्त्रज्ञ विदुषीने बालकांना टाचणी टोचून त्यांची प्रतिक्रिया कशी बदलत जाते ह्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवजातांच्या हालचाली बोथट व दिशाहीन दिसल्या, त्यांचा अर्थ मेंदूच्या अपक्वतेने लावला गेला. शिवाय, मूल मोठे झाल्यावर त्याला काही आठवणार नाही, हा युक्तिवाद होताच. आम्हांस ह्या शेवटच्या युक्तिवादाचे नेहमीच नवल वाटत आले आहे. उद्या आठवणार नाही म्हणून आजचे दुःख दुःख नव्हे, असा न्याय आपण कोणत्याही प्रौढाला लावीत नाही.

१९८५ साली अमेरिकेत अकाली जन्मलेल्या एका मुलावर तीच शस्त्रक्रिया झाली, जी ग्रॉस ह्यांनी १९३८ साली प्रथम यशस्वी करून दाखविली होती. मूल पाच आठवड्यांनी दगावले. पुढे आईने कागदपत्रे पाहिली, विचारणा केली, तेव्हा तिला कळले की त्याला पॅनक्युरोनियम हे स्नायू लुळे पाडणारे औषध तेवढे दिले होते. वेदनेसाठी काही नव्हते. तिने पत्रे लिहिली, दारे ठोठावली, आणि १९८६ साली हा प्रकार वृत्तपत्रांत आला. पाठोपाठ इतर आईबापांचेही आवाज उठले. एका गृहिणीने विचारलेल्या प्रश्नाला तज्ज्ञांच्या सभेत उत्तर नव्हते.

उत्तर निराळ्या दिशेने येत होते. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले कंवलजीत सिंग आनंद हे तरुण डॉक्टर ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेले होते. (होळकरांच्या त्या नगरीत आयुष्य काढलेल्या वाचकांना हे वाचून थोडा अभिमान वाटल्यास तो क्षम्य मानावा.) शस्त्रक्रियागृहातून परत येणारी बालके जाताना होती त्याहून खालावलेली, पांढरीफटक, नाडी मंदावलेली अशी येतात, हे त्यांच्या ध्यानात आले. कारण शोधता भुलीच्या तुटपुंजेपणाचा उलगडा झाला. मग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डक्टसच्याच शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १६ अकाली बालकांवर प्रयोग केला. सर्वांना रूढ पद्धतीने नायट्रस ऑक्साइड व क्युरारे. निम्म्यांना त्याशिवाय फेंटानिल हे प्रबळ वेदनाहारक. मुलांना बोलता येत नाही, हलताही येत नाही. म्हणून आनंद ह्यांनी साक्ष घेतली ती रक्ताची. ज्यांना फेंटानिल मिळाले नाही त्यांच्या रक्तात ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन, साखर, लॅक्टेट ह्यांचे प्रमाण कितीतरी वाढले, आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही त्यांनाच अधिक झाले. हा निबंध जानेवारी १९८७ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रात आला. निम्म्या मुलांना औषध का नाकारले, अशी टीका तेव्हा झाली. परंतु त्या मुलांना जे मिळाले ते त्या काळचे रूढ उपचारच होते, हे टीकाकारांच्या लक्षात यावयास हवे होते. त्याच वर्षी अमेरिकेतील बालवैद्यांच्या अकादमीने नवजातांनाही भूल व वेदनाशमन द्यावे असे जाहीर केले. १९९२ साली आनंद व हिकी ह्यांचा दुसरा निबंध आला : हृदयाच्या शस्त्रक्रियेत भरपूर वेदनाहारक दिलेल्या ३० अर्भकांत एकही मृत्यू नव्हता, हलकी भूल दिलेल्या १५ पैकी ४ दगावली. म्हणजे जीव वाचावा म्हणून जे टाळले जात होते, तेच जीव वाचविणारे निघाले.

येथे गोष्ट संपली असे मात्र नाही. भय दुसऱ्या दाराने परत आले. भुलीची औषधे वाढत्या मेंदूला अपाय करतात असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले, आणि २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकन सरकारच्या औषध-नियामक खात्याने तीन वर्षांखालील मुलांच्या दीर्घ किंवा वारंवार भुलीविषयी इशारा दिला. २०१९ साली सात देशांतील २८ रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासाचे अंतिम फल प्रसिद्ध झाले. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ७२२ अर्भकांपैकी काहींना पूर्ण भूल दिली, काहींना जागे ठेवून केवळ कमरेखालचा भाग बधिर केला. पाच वर्षांनी बुद्धीची परीक्षा घेता दोहोंत फरक आढळला नाही. तासाभराच्या आतील एका भुलीपुरता हा दिलासा आहे, त्यापलीकडचा नाही. उलट बाजूस, २०१५ साली ऑक्सफर्डमध्येच निजलेल्या नवजातांचे मेंदू चुंबकीय यंत्राने तपासले असता, टोचल्यावर प्रौढांच्या मेंदूत जी २० केंद्रे जागी होतात त्यांपैकी १८ त्यांच्यातही जागी झाली. रक्त तपासण्यासाठी टाच टोचताना बाळाच्या जिभेवर साखरपाण्याचे थेंब सोडतात, तेव्हा ते कमी रडते. पण त्याने वेदना शमते की केवळ चेहरा शांत होतो, ह्याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. आमच्याकडे 'मधाचे बोट' हा शब्दप्रयोग फसवणुकीच्या अर्थाने रूढ आहे, त्याची येथे आठवण होते. (खरे मध मात्र वर्षाच्या आतील मुलास देऊ नये, असे आजचे वैद्यक बजावते.)

वेदनेची जी कथा, तीच आईची. ग्लासगो येथे जेम्स निकोल ह्यांनी १९०९ साली दहा वर्षांतील ८,९८८ बालशस्त्रक्रियांचा वृत्तान्त मांडला. ही मुले त्याच दिवशी घरी पाठविली होती, कारण तान्ह्या मुलाला आईसारखी परिचारिका नाही, असे त्यांचे मत होते. कोणी ऐकले नाही. १९४९ साली लंडनच्या एका नामांकित रुग्णालयाचा नियम असा होता की पहिला महिनाभर आईबापांनी मुलास भेटू नये; संध्याकाळी सात ते आठ ह्या वेळात ते झोपले असता दुरून पाहावे! भेटीनंतर मुले रडतात, म्हणून भेटीच बंद केल्या होत्या. आई न आल्यास काही दिवसांनी मूल रडेनासे होई, त्याला 'रुळले' असे म्हणत. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन ह्यांनी, किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा बोलपट काढून ते 'रुळणे' म्हणजे काय असते हे दाखविले. बरेच डॉक्टर संतापले. १९५९ साली प्लॅट समितीने मात्र मुक्त भेटी व आईची सोबत ह्यांची शिफारस केली.

आपल्या देशातील सरकारी रुग्णालयांत आईला खाटेपासून हलविणे फारसे कोणाला जमले नाही. परिचारिका अपुऱ्या, तेव्हा आईवाचून चालणारच कसे? बदलीच्या गावी, अनोळखी भाषेच्या रुग्णालयात, मुलाच्या खाटेखाली सतरंजी टाकून रात्र काढलेल्या माता आमच्या वाचकांच्या घरी असतील. परंतु नवजातांच्या अतिदक्षता विभागाची काच आली, आणि तिच्याबाहेर आई उभी राहिली. संसर्गाची भीती हे कारण. २०२१ साली दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथे झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एक किलो ते १.७९९ किलो वजनाच्या ३,२११ बालकांपैकी निम्म्यांच्या आयांना अतिदक्षता विभागातच खाट देऊन, प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, बाळ छातीशी धरावयास सांगितले. उरलेल्यांना नेहमीप्रमाणे ठेवले. अठ्ठावीस दिवसांत नेहमीच्या पद्धतीत शेकडा १५.७ बालके गेली, आईजवळच्यांत १२. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला.