फटफटीतली फट

मे महिन्यात भंडाऱ्यात ‘थंड इंजिन’ हवं असेल तर पहाटे उठावं लागतं. व्हॉल्व्हची फट मोजताना इंजिन 35 अंशांच्या खाली असावं, असं होंडाच्या सर्व्हिस-पुस्तकांत छापलेलं असतं. आमच्याकडे दुपारी पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा कालपासून सावलीत उभी असलेली गाडीही या व्याख्येत बसत नाही. म्हणून मिस्त्रींनी आदल्या संध्याकाळीच गाडी ठेवून घेतली. “सकाळी साडेपाचला या, भाऊ. थंडी झाल्याबिगर मी हात नाई लावत.”

गाडी अडीचशे सीसीची, डबल कॅमची, आता जुनी म्हणावी अशी. पोचलो तेव्हा टाकी उतरलेली होती, हेडचं झाकण उघडं होतं आणि चार व्हॉल्व्ह पिवळ्या दिव्याखाली तेलानं चमकत होते. मिस्त्रींनी पोलादी पात्यांचा पंखा उघडला, एक पातं कॅमखाली सरकवलं. गेलं. त्याहून जाड घेतलं, ते अडलं. मधलं जरा घासत गेलं. वहीत आकडा पडला: 0.20.

त्या पंख्याला सगळी गॅरेजं ‘फिलर गेज’ म्हणतात. मूळ नाव फीलर, म्हणजे चाचपणारा. आपण त्याला फिलर केलं, म्हणजे भरणारा. पातं फट भरतं तेव्हाच ती चाचपली जाते, त्यामुळे चुकीचं नावही कामाचं ठरलं. ‘टॅपेट’चं कूळ याहून जुनं. हलकेच ठोकणं या अर्थाच्या इंग्रजी ‘टॅप’वरून तो शब्द अठराव्या शतकात आला. तेव्हा मोटारसायकल तर सोडाच, पेट्रोलचं इंजिनही नव्हतं. वाफेच्या इंजिनात ठोकर देऊन झडप उघडणारा दांडा म्हणजे टॅपेट. पुढे यंत्रमागात ताण्याचे धागे वरखाली करणाऱ्या भागालाही तेच नाव मिळालं. आपल्या गॅरेजांनी त्याचा अर्थ आणखी रुंद केला. ‘टॅपेट सेट करा’ म्हणताना कुणी त्या दांड्याबद्दल बोलत नसतं, बोलत असतं फटीबद्दल. ज्या वस्तूशेजारी ती रिकामी जागा असते, तिचंच नाव जागेला चिकटलं.

फट ठेवायचीच कशाला, हे बैलगाडी पाहिलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. चाकाला धाव चढवताना लोहार ती भट्टीत लाल करतो. तापली की ती वाढते, लाकडी चाकावर बसते. वर पाणी पडलं की आकसते आणि आरे आवळून धरते. इंजिनातला व्हॉल्व्हही तापला की लांबतो. थंडपणी कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागाच ठेवली नाही, तर तापल्यावर तो आपल्या सीटवर पूर्ण बसणार नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तर सगळं जगणं या बसण्यावर असतं. जळत्या वायूतून घेतलेली बरीचशी उष्णता तो सीटला टेकल्यावरच हेडला देऊ शकतो. टेकला नाही की कड जळते, कॉम्प्रेशन गळतं आणि गाडी सकाळी किकला दाद देत नाही. फट जास्त झाली तर टकटक ऐकू येते. कमी झाली तर काहीच ऐकू येत नाही, आणि धोका त्या शांततेतच असतो.

सुरुवातीच्या इंजिनांत ही भानगड निम्मीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या द दियाँ-बूताँ इंजिनाचा इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या ओढीनंच उघडे. त्याला ठोकरही नको आणि फटही नको. वेग वाढवायचा म्हटल्यावर मात्र दोन्ही व्हॉल्व्ह कॅमच्या हुकमतीत आले आणि फट जुळवायला स्क्रू आला. स्क्रू फिरवा, फट साधा, चेकनट आवळा.

भंडारा-तुमसर-साकोलीच्या रस्त्यांवर ही विद्या बराच काळ फक्त बुलेटवाल्या मिस्त्रीकडे होती. राजदूत, येझदी आणि 1985 नंतरची आरएक्स 100 या सगळ्या टू-स्ट्रोक. त्यांत पिस्टनच खिडक्या उघडतो-मिटतो, कॅमनं उघडणारे व्हॉल्व्ह नाहीतच. 1955 पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटला मात्र पुशरॉड होते. इंजिनाच्या उजव्या कुशीतलं छोटं झाकण काढायचं आणि थंड इंजिनावर स्क्रू असा लावायचा की पुशरॉड दोन बोटांत गरगर फिरावा, पण वर-खाली हलू नये. ना आकडा, ना पातं, माप बोटांत. 1985 मध्ये हीरो होंडाची सीडी 100 आली आणि फोर-स्ट्रोक घरोघर पोचलं. तिथेही स्क्रूच, पण फट 0.05 मिलिमीटर. दाढीचं ब्लेड 0.10 मिलिमीटरचं असतं, म्हणजे त्याच्याही निम्मी. तेवढ्यावर हजारो मिस्त्री तयार झाले, आणि त्यांतले पुष्कळजण पात्यापेक्षा कानावर भिस्त ठेवत. स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. डॉक्टरच तो.

शिमची शाखा या कुळात वेगळ्या वाटेनं आली. शब्दापासून सुरुवात करू, कारण शब्द शेतातला आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यात अठराव्या शतकात ‘शिम’ म्हणजे जमीन खरवडायला औताला लावायचं लोखंडी पातं. आपल्या भाषेत सांगायचं तर वखराची पास. तो शब्द कुठून आला याचा पत्ता तिथल्या कोशकारांनाही लागलेला नाही. फट भरायचा पातळ तुकडा हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर चिकटला. युक्ती मात्र आपल्या घरातलीही आहे. जात्यावर पीठ न पाडता डाळ भरडायची असेल तर बाया खुंट्यावर चिंधीची चकती चढवत. वरचा दगड केसभर उचलला जाई आणि दाणा फक्त दुभंगे. ती चिंधी म्हणजे शिमच. तिला कुणी वेगळं नाव दिलं नाही, एवढंच.

इंजिनात शिमची गरज वेगामुळे पडली. स्क्रूला बसायला रॉकर लागतो, आणि रॉकर म्हणजे दर फेरीला मागे-पुढे हेलकावणारं वजन. ते काढून कॅम थेट व्हॉल्व्हवरच्या वाटीवर चालवला तर इंजिन जास्त फेरे झेपवतं. पण मग फट जुळवायची कुठे? उत्तर निघालं: वाटी आणि व्हॉल्व्ह यांच्यात नेमक्या जाडीची पोलादी चकती. जॅग्वारच्या 1948 च्या एक्सके इंजिनात या चकत्यांवर ए पासून झेडपर्यंत अक्षरं असत. ए म्हणजे 0.085 इंच, पुढचं प्रत्येक अक्षर एका थाऊनं, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागानं जाड, झेड 0.110. सव्वीस अक्षरांत सव्वीस जाड्या. अडचण एकच: चकती बदलायची तर आख्खा कॅमशाफ्ट उतरवावा लागे. ऑरेलिओ लाम्प्रेदी या इटालियन इंजिनिअरनं फियाटच्या 1966 च्या ट्विन-कॅम इंजिनात चकती वाटीच्या डोक्यावरच्या खळग्यात ठेवली. वाटी दाबायची, चकती उचलायची, कॅम जागच्या जागी. कावासाकीच्या 1972 च्या झेड 1 मोटारसायकलमध्येही चकती वरच होती. पण फेरे आणखी वाढले तशी वरची चकती उडून जायची भीती वाटू लागली. मग ती आकारानं लहान होऊन पुन्हा वाटीखाली गेली, आणि कॅम उतरवणं पुन्हा नशिबी आलं.

आमच्या भागात शिम आली ती गेल्या पंधरा-सोळा वर्षांत. 2009 मध्ये बजाजनं निन्जा 250 आर आणली, 2011 मध्ये होंडाची सीबीआर 250 आर आली, 2012 मध्ये केटीएमची 200 ड्यूक. त्यांच्यासोबत गॅरेजात एक नवीनच काम शिरलं: बेरीज-वजाबाकी. स्क्रू फिरवून हवी ती फट मिळते, शिमला फिरवता येत नाही. मोजलेल्या फटीतून हवी ती फट वजा करायची, त्यात जुन्या शिमची जाडी मिळवायची. येईल ती नव्या शिमची जाडी. होंडाच्या मोठ्या गाड्यांच्या पुस्तकात या शिम 1.200 पासून 2.900 मिलिमीटरपर्यंत 0.025 च्या पायरीनं दिलेल्या असतात, एकूण 69. एवढ्या पायऱ्या कुठल्या तालुक्याच्या दुकानात असणार? भंडाऱ्यात नाहीत, नागपूरला मिळाली तर हवी ती मिळत नाही, आणि मागवली तर कुरिअरची वाट पाहत गाडीचं पोट उघडं.

यातला विनोद असा की भंडारा हे पितळेचं गाव. इथल्या भांड्यांनी नाव कमावलं, आणि जगभर यंत्रं जुळवताना मोटारीखाली, बेअरिंगमागे जी शिम सरकवतात ती पुष्कळदा पितळी पत्र्याचीच असते. पण कॅमखाली पितळ चालत नाही. मिनिटाला हजारो ठोके बसले की ते चेपतं. तिथे कडक पाणी दिलेलं पोलादच हवं. ऑइलस्टोनवर घासून जाड शिम पातळ करणारेही भेटतात. घासताना वरचा कडक थर किती गेला आणि दोन बाजू समांतर राहिल्या का, हे मात्र मायक्रोमीटरवाल्यालाच कळतं.

मिस्त्रींनी त्या पहाटे घासलं काहीच नाही. इनटेकचे दोन्ही आकडे ठीक होते. पहिल्या एक्झॉस्टची फट 0.20, हवी 0.27. आतली शिम 2.05. म्हणजे 1.98 हवी. दुसऱ्याची फट 0.22, आतली शिम 1.975, त्याला 1.925 हवी. वहीवर दोन ओळी मांडून त्यांनी पेन्सिल थांबवली आणि दुसऱ्याच्या शिमवर टिचकी मारली. “हीच तर पहिल्याले लागते ना!” 1.975 पहिल्याकडे गेली. प्रश्न आता एकाच चकतीचा उरला.

मग फळीवरून पत्र्याची तंबाखूची डबी उतरली. आत कागदाच्या पुड्या, प्रत्येकीत नखाएवढी एक चकती, वर बॉलपेननं आकडा. जिल्ह्यातल्या कुणाकुणाच्या इंजिनातून निघालेल्या, झिजून नव्हे तर जाड पडल्या म्हणून बाहेर आलेल्या. शिम सहसा झिजत नाही. व्हॉल्व्हच आपल्या सीटमध्ये कणाकणानं खचत वर सरकतो, फट आवळते आणि पातळ शिम लागते. म्हणून एकाला जाड झालेली दुसऱ्याला पुरते, व्यास जुळला म्हणजे झालं. मिस्त्रींनी एक पुडी सोडली. चकतीवरचा छापील आकडा पुसट झाला होता, मायक्रोमीटरनं 1.93 सांगितलं. हवी त्यापेक्षा 0.005 जाड, चालेल.

कॅम बसले, टायमिंगच्या खुणा जुळल्या. दोन फेरे हातानं फिरवून पाती पुन्हा सरकवली: 0.27 आणि 0.26. ऊन दारात येईस्तोवर झाकण लागलं होतं. उरलेली 2.05 मी खिशात टाकायला निघालो, तर मिस्त्रींनी हात पुढे केला. कागद फाडला, पुडी बांधली, वर आकडा लिहिला आणि ती डबीत टाकली.