वेल्सचा हिवाळा आणि कुलूप लावलेली वही

आजचा भाग जरा थंड आहे, शाल घेऊन बसा. आपण चाललोय वेल्समध्ये, तिथल्या उत्तरेच्या डोंगरात, तेही ऐन डिसेंबरात.

वेल्सचा सगळ्यात उंच डोंगर म्हणजे स्नोडन. वेल्श लोक त्याला ‘अर विद्वा’ म्हणतात. उंची १,०८५ मीटर. आता तुम्ही म्हणाल, आपली कळसूबाई १,६४६ मीटर आहे, मग यात काय एवढं? पण हा डोंगर विषुववृत्तापासून ५३ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. आयरिश समुद्रावरून ओला वारा येतो, बर्फ पडतं, थोडं वितळतं आणि रात्री पुन्हा गोठतं. सकाळी वाट काचेसारखी गुळगुळीत. तिथे नुसते बूट पुरत नाहीत, बर्फाची कुऱ्हाडही लागते.

मग अशा दिवसांत सुट्टी काढून तिथे जायचं कुणाला सुचलं?

बर्मिंगहॅममध्ये चार्ल्स एडवर्ड मॅथ्यूज नावाचे एक वकील होते. उन्हाळ्यात आल्प्समध्ये चढाया करणारा माणूस. पण आल्प्स लांब, आणि हिवाळ्यात मिळून मिळून सुट्टी ती नाताळची. त्यात १८६८ मध्ये रेल्वे बेटुस-अ-कोइडपर्यंत आली. हे गाव अगदी डोंगरांच्या उंबरठ्यावर. दोनच वर्षांनी, १८७० मध्ये, मॅथ्यूज आणि त्यांच्या दोन मित्रांनी एक मंडळ काढलं: दर हिवाळ्यात स्नोडनच्या परिसरात भटकायचं. नाव काय ठेवलं माहितीये? ‘सोसायटी ऑफ वेल्श रॅबिट्स’. वेल्श रॅबिट म्हणजे ससा नव्हे बरं का, वितळलेलं चीज घातलेला टोस्ट! ट्रेक ग्रुपला ‘मिसळपाव मंडळ’ म्हणावं, तसलाच प्रकार. मला हे लोक आवडतात ते इथूनच.

त्यांचा अड्डा होता पेन-अ-गुरिड नावाचा मुक्कामी खानावळवजा वाडा, दोन खिंडींचे रस्ते मिळतात तिथे. १८४७ पासून तो हॅरी ओवेन आणि त्यांची बायको अ‍ॅन चालवत होते. हॅरी शेतकरीही होते आणि वाटाडेही. दिवसभर बर्फात चालायचं, अंधार पडला की चुलीपाशी मोजे वाळत टाकायचे, आणि मग वाद घालायचे: ही घळ चढता येईल की नाही.

आणि इथे ती वही येते. पाहुण्यांसाठी नेहमीची वही होतीच, पण तीत कुणी चित्रं काढायचं, कुणी विनोद लिहायचं. म्हणून चढायांच्या गंभीर नोंदींसाठी वेगळी वही आली, आणि तिला चक्क कुलूप! ‘लॉक्ड बुक’ या नावानंच ती प्रसिद्ध आहे. पुढे १८९८ मध्ये क्लाइंबर्स क्लब स्थापन झाला, पहिले अध्यक्ष अर्थात मॅथ्यूज. ‘वीकेंडला क्लबबरोबर डोंगरात’ ही कल्पना ब्रिटनमध्ये रुजली, त्यात या वाड्याचा वाटा मोठा आहे.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच.

पेन-अ-गुरिडच्या वरच्या खिंडीतून शिखराकडे एक वाट जाते, आज तिला ‘मायनर्स ट्रॅक’ म्हणतात. म्हणजे खाणकामगारांची वाट. वर, तळ्याच्या काठी, तांब्याची खाण होती. खालच्या तळ्यातून जाणारा बांध १८५३ मध्ये खाणीसाठीच घातला, आणि आज हजारो ट्रेकर त्याच्यावरून चालतात. कामगार आठवडाभर वरच, दगडी बराकींत राहायचे. म्हणजे बघा, शहरातले वकील शनिवार-रविवारी डोंगरात मजा करायला येत, आणि खाणकामगार त्याच शनिवारी डोंगर उतरून घरी जात! हिवाळा दोघांनाही तोच. एकाच्या चालण्याला ‘मोहीम’ म्हणायचे, दुसऱ्याच्या चालण्याला ‘कामावर जाणं’.

मॅथ्यूजना मी दोष देत नाही. ते कष्टानं चढले आणि प्रामाणिकपणे लिहून गेले. पण ‘पहिली चढाई’ हा शब्द वाचला की मी आता थबकते. पहिली कुणाची? वही ज्याच्या हातात होती त्याची.

बायकांचंही तेच. दोराला बांधून घेऊन पुरुषांच्या मागे चढायला फारशी हरकत नव्हती. पण पुढे कोण जाणार? वाट कुणी निवडायची, ‘आज हवा वाईट आहे, परत फिरू’ हे कुणी म्हणायचं? आयुष्यभर मागेच चढलात तर हे शिकणार कधी? मँचेस्टरच्या एमिली केली, ज्यांना सगळे ‘पॅट’ म्हणत, त्यांनी यावर सरळ उत्तर शोधलं: बायकांचा स्वतःचा क्लब. १९२१ च्या मार्चमध्ये ‘पिनॅकल क्लब’ची स्थापना झाली. कुठे? त्याच पेन-अ-गुरिडमध्ये!

वर्षभरातच, १९२२ मध्ये, जवळच्या ट्रिव्हान डोंगरावर पॅट पडल्या आणि त्या दुखापतीतून वाचल्या नाहीत. अवघड कड्यावर नव्हे, सोप्या जागी. एक वर्षाचा क्लब, आणि ज्यांनी तो उभा केला त्याच गेल्या. लोक म्हणायला मोकळेच होते की बघा, म्हणून सांगत होतो. क्लब मोडला नाही. १९३२ मध्ये त्यांनी क्वम डली दरीत स्वतःची झोपडी घेतली: हिवाळी मुक्कामाला स्वतःचं छप्पर, स्वतःची चूल. २०२१ मध्ये क्लबला शंभर वर्षं झाली, आणि आजही तो फक्त बायकांचाच आहे.

वाड्याची कीर्ती पुढे एव्हरेस्टपर्यंत गेली. १९५३ च्या मोहिमेतल्या लोकांनी निघण्याआधी याच डोंगरांत सराव केला, ऑक्सिजनची उपकरणं वापरून पाहिली. आज तिथल्या एका खोलीच्या छतावर त्यांच्या सह्या आहेत, हिलरी आणि तेनझिंग यांच्याही. तेनझिंग शेर्पांची सही त्या छतावर पाहून मला फार बरं वाटतं, कारण ओझी वाहणाऱ्यांची नावं अशी सहसा कुठे लिहिलेली नसतात.

नावावरून आठवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणानं ठरवलं की इंग्रजीतसुद्धा ‘स्नोडन’ऐवजी ‘अर विद्वा’ आणि ‘स्नोडोनिया’ऐवजी ‘एररी’च म्हणायचं. काही इंग्रज कुरकुरले, उच्चार जमत नाही म्हणे! मेंढपाळ आणि खाणकामगार हेच नाव म्हणत आले होते, फक्त वहीत इंग्रजी लिहिलं जात होतं.

कधी तिकडे गेलात, तर मायनर्स ट्रॅकवर लागणाऱ्या पहिल्याच तळ्यापाशी थांबा. ‘लिन टेर्न’ नाव त्याचं. काठाला कामगारांच्या बराकींच्या भिंती अजून उभ्या आहेत, छप्पर नसलेल्या.