काडतुसांचा साठा कोणाच्या घरात?

आमच्या विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग भरतो. मागच्या महिन्यात एका तरुणाने मोबाईलवर अमेरिकेचा एक जुना व्हिडिओ दाखवला. २०२० सालचा. बंदुकीच्या दुकानाबाहेर रांग, आत काडतुसांची फळी रिकामी, दारावर 'एका ग्राहकाला एकच खोका' अशी पाटी. तो म्हणाला, "ताई, ते लोक दोन-दोन वर्षांचा साठा करून बसलेत. आपल्याकडं धड काठीसुद्धा नाही." दोघे-तिघे हसले. मला हसू आले नाही, कारण त्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यात जयंतीच्या मिरवणुकीवर दगडफेक झाली होती. पोरगा चेष्टा करत नव्हता. त्याचा प्रश्न असा होता की, उद्या वस्तीवर चालून आले तर आपण काय करायचे?

या प्रश्नाला "आपण शांततावादी आहोत" एवढे उत्तर देऊन भागत नाही. इतिहास बघावा लागतो. आणि तो अमेरिकेपासूनच बघू. कारण व्हिडिओ तिथला होता. शिवाय बाबासाहेबांनीही १९४६ साली ड्युबॉईस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याची माहिती मागवली होती.

आधी त्या रिकाम्या फळीचे कोडे सोडवू. अमेरिकेत काडतुसे का संपली? महामारी आली, मे महिन्यात जॉर्ज फ्लॉईड यांची हत्या झाली, देशभर निदर्शने झाली, वर्षअखेरीस निवडणूक होती. लोक घाबरले. बंदूक विकत घेताना होणाऱ्या सरकारी पडताळणीचा आकडा २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८४ लाख होता, तो २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेला. त्याच वर्षी रेमिंग्टन ही जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली. काडतुसाच्या बुडाशी जी ठिणगी पाडणारी छोटी टोपी असते, ती बनवणारे मोठे कारखाने तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मागणी एकदम वाढली आणि पुरवठा होता तिथेच राहिला. नऊ मिलिमीटरची हजार काडतुसे पूर्वी २०० डॉलरच्या आसपास मिळत. २०२१ च्या सुरुवातीला त्यांचा भाव तिप्पट-चौपट झाला.

पण हे पहिल्यांदा घडले नव्हते. २००८ मध्ये ओबामा निवडून आले तेव्हाही टंचाई झाली. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत लहान मुलांचे हत्याकांड झाले, आता कायदा कडक होणार या भीतीने पुन्हा झाली. तेव्हा तर सरकारच सगळी काडतुसे विकत घेऊन जनतेला निःशस्त्र करत आहे अशी अफवा उठली. पुढे २०१४ मध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी तपासले, तेव्हा त्या खात्याची खरेदी आधीच्या वर्षांपेक्षा कमीच झालेली निघाली. मग फळी कोणी रिकामी केली? "संपेल" म्हणून चार खोके जास्त उचलणाऱ्यांनीच. आपल्याकडे नोटबंदीच्या दिवसांत मीठ संपणार अशी हूल उठली होती, ते आठवा. ज्याच्या हातात रोकड होती त्याने पोते उचलले. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला संध्याकाळी पुडा मिळाला नाही. साठेबाजीचे गणित मिठाला आणि काडतुसाला एकच लागू होते. टंचाई साठा करणाऱ्याच्या भीतीतून येते आणि तिची किंमत हातात रोकड नसलेला मोजतो.

ही झाली बाजाराने केलेली टंचाई. दुसरी टंचाई कायद्याने केलेली असते, आणि ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

गुलामगिरी संपली त्याच वर्षी, १८६५ च्या नोव्हेंबरात, मिसिसिपी राज्याने एक कायदा केला. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाने परवान्याशिवाय बंदूक, काडतूस किंवा मोठा सुरा बाळगायचा नाही. सापडला तर १० डॉलरपर्यंत दंड, आणि जप्त केलेले हत्यार चहाडी करणाऱ्याला बक्षीस! एखाद्या गोऱ्याने त्याला काडतूस विकले, उसने दिले, तर त्यालाही ५० डॉलरपर्यंत दंड. कायद्यात बंदुकीबरोबर काडतुसाचाही स्पष्ट उल्लेख आहे, हे लक्षात घ्या. बंदूक लपवता येते, पण काडतुसाशिवाय ती लोखंडाची नळी आहे, हे कायदा करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

तरीही काहींनी शस्त्रे मिळवली. त्याचे काय झाले? १३ एप्रिल १८७३. लुइझियानातील कोलफॅक्स. निवडणुकीच्या निकालाचा वाद. कृष्णवर्णीय नागरिक आपल्या बंदुका घेऊन न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करत होते. चालून आलेल्या गोऱ्यांकडे छोटी तोफ होती. त्यांनी इमारतीला आग लावली आणि शरण आलेल्यांनाही ठार केले. मृतांचा आकडा ६० पासून १५० पर्यंत सांगितला जातो. ज्या तिघांना शिक्षा झाली, तेही १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटले. न्यायालय म्हणाले, शस्त्र बाळगण्याच्या हक्काची घटनादुरुस्ती फक्त केंद्र सरकारला बांधते, खासगी माणसांनी तो हक्क हिरावला तर त्यावर ती लागू नाही. म्हणजे ज्याच्याकडे तोफ त्याच्याच बाजूला न्यायाधीश. असा सामना पेटीभर जादा काडतुसांनी जिंकता आला असता का?

आता १८९२ चे मेम्फिस बघा. कृष्णवर्णीयांनी भागीदारीत काढलेले किराणा दुकान चांगले चालू लागले, ते शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या डोळ्यांत खुपले. भांडण पेटले, आणि ९ मार्चला थॉमस मॉस यांच्यासह तिघांना तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. पाठोपाठ कृष्णवर्णीयांना बंदुका विकू नका असा हुकूम निघाला. पत्रकार आयडा बी. वेल्स या मॉस यांच्या मैत्रीण. त्यांनी पिस्तूल विकत घेतले, आणि प्रत्येक कृष्णवर्णीय घरात रायफल हवी असे नंतर उघडपणे लिहिलेही. हे मी लपवणार नाही. झुंडीसमोर उभ्या राहिलेल्या बाईला घरात बसून अहिंसेचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही.

पण वेल्स यांनी समाजाला सांगितले काय? या शहरात आपल्याला न्याय नाही, तर हे शहर सोडा, आणि सोडेपर्यंत इथल्या ट्रामगाडीत बसू नका. हजारो लोक ओक्लाहोमाकडे निघून गेले. ट्राम रिकाम्या धावू लागल्या. तेव्हा ट्राम कंपनीचे अधिकारी वेल्स यांच्या कचेरीत आले, तुमच्या लोकांना समजवा म्हणून. त्यांना तिथे आणले ते रिकाम्या बाकांनी.

आपल्याकडे वेगळे काय होते? युरोपात सामाजिक क्रांत्या झाल्या, मग भारतात का नाही? 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच प्रश्न विचारला. चातुर्वर्ण्याने खालच्यांना शस्त्रही दिले नाही आणि शिक्षणही दिले नाही, म्हणून ते उठू शकले नाहीत, असे त्यांचे उत्तर आहे. इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणला, तो सगळ्या भारतीयांना जाचला. पण आपल्या बापजाद्यांना मनूचा शस्त्र कायदा त्याच्याही हजारो वर्षे आधी लागू होता. मेम्फिसमध्ये तिघांना मारले त्याच सुमारास, १८९२-९३ मध्ये, इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. सुभेदार रामजींच्या मुलाने त्यावर काय मागितले? घरोघरी काडतुसे भरा म्हणाले नाहीत. सैन्यात आमचा हक्क द्या म्हणाले, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. राज्याच्या शस्त्रागाराच्या किल्लीत वाटा मागितला. पुढे घटना हाती आल्यावर, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की घटनात्मक मार्ग उघडे असताना रक्ताचा मार्ग सोडलाच पाहिजे.

"घटनात्मक मार्ग म्हणजे निवेदन द्यायचं आणि गप्प बसायचं?" त्या तरुणाने विचारले. नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम काढा. नियम ३ वाचा. अत्याचाराची शक्यता असलेली गावे राज्य सरकारने शोधायची आहेत. तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने गरज पडल्यास रद्द करून ती शस्त्रे सरकारजमा करायची आहेत. बेकायदा शस्त्रे जप्त करायची आहेत. आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यायचे आहेत. कायदा आधी दंडेल माणसाच्या हातातले काढून घ्या म्हणतो, आणि आपण मात्र आपल्याला काय मिळेल यावरच चर्चा करत बसतो. परवाना मिळाला तरी त्यावर किती काडतुसे ठेवायची याची मर्यादा छापलेली असते, आणि बंदूक परवडणारी घरे वस्तीत किती आहेत? परवान्याबाहेर साठा केला तर पहिली धाड आपल्याच वस्तीवर पडेल. मिसिसिपीतला चहाडखोर अजून जिवंत आहे.

त्या रविवारी आम्ही एक माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. त्यात तीन प्रश्न आहेत. आपल्या जिल्ह्यात अत्याचारप्रवण म्हणून कोणती गावे नोंदली आहेत? गेल्या दहा वर्षांत नियम ३ खाली किती परवाने रद्द झाले? अनुसूचित जातीच्या किती लोकांना दिले? अर्जाचे अक्षर त्याच तरुणाचे आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील कसे करायचे, हे पुढच्या रविवारी शिकवणार आहे. तुमच्या जिल्ह्यातही हेच तीन प्रश्न विचारा, आणि आलेली उत्तरे जपून ठेवा.

जय भीम.