त्रिनिदादची रात्र : कुठे जावे, कधी जावे, काय टाळावे

कॅरिबियन समुद्रातील अनेक बेटांवर पर्यटकांची संध्याकाळ किनाऱ्यावरील हॉटेलांभोवती फिरते. त्रिनिदाद त्याला अपवाद आहे. तेल आणि नैसर्गिक वायूवर अर्थव्यवस्था उभी असलेल्या या बेटावर पर्यटकांसाठी वेगळे रात्रजीवन फारसे नाही. स्थानिक लोक जिथे जमतात, तिथेच पाहुण्यांनाही जावे लागते. त्यामुळे योग्य महिना, वार आणि वस्ती यांची माहिती असणे येथे महत्त्वाचे ठरते.

पॅनयार्ड

राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमधील रात्रीचे खास आकर्षण म्हणजे पॅनयार्ड, अर्थात स्टीलपॅन पथकांच्या सरावाची मोकळी आवारे. ब्रिटिश राजवटीने १८८०च्या दशकात ढोलवादनावर निर्बंध घातल्यानंतर गरीब वस्त्यांनी आधी बांबू, नंतर पत्र्याचे डबे आणि अखेर तेलाची पिंपे वाजवण्यास सुरुवात केली. एकेकाळी गुंडांचे वाद्य म्हणून हिणवले गेलेले स्टीलपॅन आज देशाचे राष्ट्रीय वाद्य आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन म्हणून घोषित केला.

१९६३ पासून होणाऱ्या ‘पॅनोरमा’ स्पर्धेसाठी जानेवारीपासून कार्निव्हलपर्यंत रात्री उशिरापर्यंत सराव चालतो. मोठ्या पथकात शंभरच्या आसपास वादक असतात. चार्लोट स्ट्रीटवरील रेनेगेड्स, ड्यूक स्ट्रीटवरील ऑल स्टार्स आणि वुडब्रुकमधील फेज टू ही पथके विशेष प्रसिद्ध आहेत. सराव ऐकण्यासाठी सहसा प्रवेशशुल्क नसते.

वुडब्रुक आणि कॅलिप्सो

बार व उपाहारगृहांसाठी वुडब्रुक भागातील अरिआपिता अव्हेन्यू प्रसिद्ध आहे. शुक्रवारी आणि शनिवारी येथील गर्दी पदपथावर येते. निवांत गप्पा मारत वेळ घालवण्याला येथे ‘लाइमिंग’ म्हणतात आणि स्थानिकांच्या दृष्टीने तोच रात्रीचा मुख्य कार्यक्रम असतो.

जवळच क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेट मैदान आहे. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडीजविरुद्धचा भारताचा पहिला कसोटी विजय येथेच मिळवला. सुनील गावसकर यांचे कसोटी पदार्पणही याच सामन्यात झाले. त्या मालिकेनंतर लॉर्ड रिलेटर या त्रिनिदादच्या गायकाने गावसकरांवर कॅलिप्सो रचले. चालू घडामोडींवर उपरोधिक भाष्य करणारी अशी गीते कार्निव्हलपूर्वीच्या आठवड्यांत ‘कॅलिप्सो टेंट’मध्ये सादर होतात. नाव तंबूचे असले तरी हे कार्यक्रम आता सभागृहांतही होतात.

सेंट जेम्स

शहराच्या पश्चिमेकडील सेंट जेम्स ही वस्ती रात्रभर जागी असते. बॉम्बे, दिल्ली, कलकत्ता अशी येथील रस्त्यांची नावे भारतीय मजुरांच्या इतिहासाची साक्ष देतात. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४० हजार भारतीय करारबद्ध मजूर म्हणून त्रिनिदादला नेले गेले. हळदीच्या दोन मऊ बाऱ्यांमध्ये छोले भरलेले ‘डबल्स’ हा त्यांच्या वंशजांनी रूढ केलेला पदार्थ आज सर्वांचा आवडता आहे.

मोहरममध्ये येथे ‘होसे’च्या मिरवणुका निघतात. सजवलेले ताजिये आणि ‘तासा’ वादन पाहण्यासाठी सर्व धर्मांचे लोक येतात. ‘तासा’ म्हणजे आपल्याकडील ताशाचाच वंशज. हा धार्मिक विधी असल्याने तिथे मद्यपान टाळणे उचित.

कार्निव्हलची पहाट

ॲश वेन्सडेपूर्वीच्या सोमवारी पहाटे चारच्या सुमारास ‘जुव्हे’ सुरू होतो. चिखल, रंग आणि तेल फासलेले हजारो लोक सूर्योदयापर्यंत रस्त्यावर नाचतात. सहभागासाठी एखाद्या पथकात आगाऊ नोंदणी करणे सोयीचे ठरते. या काळात निवासाचे दर मोठ्या प्रमाणात वाढतात.

गोंगाटापासून दूर

शेजारच्या टोबॅगो बेटावरील बुकू गावात रविवारी रात्री ‘संडे स्कूल’ भरते. नाव शाळेचे असले तरी तिथे आधी स्टीलपॅन आणि नंतर नृत्यसंगीत असते. मार्च ते ऑगस्ट या काळात त्रिनिदादच्या ग्रँड रिव्हिएर आणि मातुरा किनाऱ्यांवर लेदरबॅक कासवे रात्री अंडी घालण्यासाठी येतात. ती पाहण्यासाठी परवाना आणि वाटाड्या घ्यावा लागतो. फ्लॅशचा वापर वर्ज्य आहे.

सुरक्षितता आणि नियम

देशातील टोळीहिंसा गंभीर आहे. २०२४ मध्ये सहाशेहून अधिक हत्या झाल्या. त्या वर्षी ३० डिसेंबरला आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये सरकारने आणीबाणी जाहीर केली. हिंसाचार प्रामुख्याने काही ठरावीक वस्त्यांत होत असला, तरी प्रवासापूर्वी ताज्या सरकारी सूचना पाहणे आवश्यक आहे.

शहराच्या पूर्वेकडील लॅव्हेंटिल परिसरात आणि क्वीन्स पार्क सव्हानाच्या अंधाऱ्या भागात रात्री एकट्याने फिरू नये. मध्यवर्ती शहरातील पॅनयार्डला जाताना परतीच्या वाहनाची सोय आधीच करावी. अधिकृत टॅक्सीच्या क्रमांकाची सुरुवात ‘एच’ या अक्षराने होते, तर ‘पी’ने सुरू होणारी वाहने खासगी असतात. मद्यपानासाठी किमान वयाची अट आहे. लष्करी छाप्याचे कपडे घालणे हा गुन्हा आहे. पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक ९९९, तर रुग्णवाहिकेचा ८११ आहे.