मुंग्या येतात, ते खरंच असतं

परवा सोनईत आमच्या गटाच्या बैठकीत एक विषय निघाला. ओल्या हातानं फ्रिजचं दार किंवा मोटरीचा पाइप धरला, की हाताला मुंग्या येतात. घरात सांगावं तर उत्तर ठरलेलं : "आम्हाला तर काही लागत नाही. तुझ्या मनाचे खेळ!" म्हणून आज या झिणझिण्यांचा इतिहास सांगतो.

वीज मोजायला यंत्र नव्हतं, तेव्हा माणसाचं शरीर हेच यंत्र होतं. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश स्वतःला बसणाऱ्या झटक्यावरून विजेचा जोर ठरवायचे. इटलीतल्या व्होल्टांनी दोन वेगळे धातू जिभेला लावले, तर आंबट चव आली. १८०० साली त्यांनीच पहिली बॅटरी जगापुढे मांडली.

मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम धावली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी वीज मंडळ झालं आणि पुढे तारा खेड्यापाड्यांत पोचत गेल्या. विजेबरोबर शॉकही घरात आला.

शरीराला किती करंट कळतो, हे अमेरिकेत प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी माणसांवर प्रयोग करून तपासलं. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलीअँपिअर. त्यांच्या तक्त्यात पुरुषांना साधारण १.१ मिलीअँपिअरला झिणझिण्या कळतात, बायकांना ०.७ लाच! करंट वाढला की स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. पुरुषांचा हात सरासरी १६ ला अडकतो, बायकांचा साडेदहालाच.

म्हणजे आपल्याला आधी कळतं आणि धोकाही आधी असतो. शिवाय आपण ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या. कातडी ओली असली की विजेला वाट सोपी होते. चप्पल घालून, कोरड्या हातानं बघणाऱ्याला काय जाणवणार?

आज नुसत्या मुंग्या आहेत. उद्या आतली वायर आणखी उघडी पडली आणि अर्थिंग तुटलेलं असलं, तर हात सुटायचा नाही. म्हणून मुंग्या आल्या की पुन्हा हात लावून बघू नका. कोरड्या हातानं, पायात चप्पल घालून मेन स्विच बंद करा. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. ३० मिलीअँपिअरला वीज तोडणारा ईएलसीबी बसवून घ्या.

आणि कुणी हसलं, तर हे आकडे सांगा.