पाचवी गोळी



आपल्यातल्या पुष्कळ जणींची मुलं-सुना अमेरिकेत आहेत. तिकडे स्वसंरक्षणाच्या एखाद्या खटल्याचा निकाल लागला की आपल्या घरच्या ग्रुपवरही दोन तट पडतात. डिसेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतल्या मृत्यूच्या खटल्यात डॅनियल पेनी निर्दोष सुटला, तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रांत एक जुनं नाव पुन्हा दिसू लागलं: बर्नहार्ड गेट्झ. आज त्याच्याविषयी लिहिते. लोक निकाल कधी देतात आणि न्यायालय कधी देतं, हे त्या प्रकरणात फार स्वच्छ दिसतं.

२२ डिसेंबर १९८४, शनिवार, नाताळ तीन दिवसांवर. गेट्झ सदतीस वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा धंदा करणारा गोरा गृहस्थ. डब्यात ब्राँक्स भागातली चार कृष्णवर्णीय मुलं होती, अठरा-एकोणीस वर्षांची. त्यांतल्या एकाने त्याच्याकडे पाच डॉलर मागितले. गेट्झने रिव्हॉल्व्हर काढून पाच गोळ्या झाडल्या. चारही मुलं जखमी झाली. डॅरेल केबी नावाच्या मुलाचा मज्जारज्जू तुटला आणि तो कायमचा अपंग झाला. गेट्झ भुयारातून पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी न्यू हॅम्पशायर राज्यात पोलिसांसमोर हजर झाला.

मधल्या नऊ दिवसांत तो कोण, कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलिसांनी माहिती मिळावी म्हणून फोन नंबर जाहीर केला, तर त्यावर शाबासकीचेच फोन जास्त आले. दहा वर्षांपूर्वी ‘डेथ विश’ नावाचा सिनेमा येऊन गेला होता, त्यात एक सामान्य माणूस पिस्तूल घेऊन गुंडांना ठार करत फिरतो. लोकांनी या न पाहिलेल्या माणसाला तोच चेहरा देऊन टाकला. महापौर एड कॉच यांनी कायदा हातात घेणं चूक आहे असं सांगितलं, पण ऐकायला सवड कुणाला होती? त्याच्या नावाचे टी-शर्ट निघाले, गाड्यांवर चिकटवायच्या पट्ट्या निघाल्या. मुलांकडे धार लावलेले स्क्रू-ड्रायव्हर होते अशी बातमी पसरली. स्क्रू-ड्रायव्हर होते, ते खरं, व्हिडिओ गेमच्या यंत्रांतली नाणी काढण्यासाठी घेतलेले. धार मात्र बातमीनेच लावली होती.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझंही त्या फोन करणाऱ्यांसारखंच व्हायचं. १९८१मध्ये गेट्झला स्टेशनवर मारहाण करून लुटण्याचा प्रयत्न झाला होता. त्यानंतर त्याने पिस्तुलाचा परवाना मागितला. न्यूयॉर्कमध्ये १९११च्या सलिव्हन कायद्यापासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही, आणि तेव्हा सोबत बाळगायचं तर खास कारण दाखवावं लागे. त्याचं कारण पुरेसं ठरलं नाही. मग त्याने फ्लोरिडात शस्त्र घेतलं आणि विनापरवाना खिशात ठेवून फिरू लागला. मुलंही साधी नव्हती. केबीने पुढे इस्पितळात पत्रकार जिमी ब्रेस्लिन यांना सांगितलं की बाकीचे त्याला लुटायच्या बेतात होते. त्या काळी त्या गाड्यांतून संध्याकाळी प्रवास करणाऱ्या बायकांना विचारलं असतं, तर त्यांनी गेट्झला दोष दिला असता असं मला वाटत नाही. पाठिंबा देणाऱ्यांत कृष्णवर्णीयही पुष्कळ होते. रॉय इनिस हे त्यांचे एक पुढारी उघडपणे त्याच्या बाजूने उभे राहिले. भीतीला रंग नसतो. ती कुणाची वाटते, तिथे रंग येतो.

सगळा वाद अडतो तो पाचव्या गोळीपाशी. गेट्झने पोलिसांसमोर कॅमेऱ्यापुढे स्वतःच सांगितलं की, खाली बसलेल्या केबीकडे पाहून त्याला वाटलं याला फारसं लागलेलं नाही, म्हणून आणखी एक झाडली. बचाव पक्षाचं म्हणणं, हे घाबरलेल्या माणसाचं बोलणं होतं, गोळ्या सलग एका दमात सुटल्या होत्या. बहुतेक साक्षीदारांनीही आवाज सलग आल्याचंच सांगितलं.

आपल्या पाठशाळेत हिंसेचे चार प्रकार पाठ करून घेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाला विरोधी हिंसेची सवलत आहे हे आपण जाणतो. श्रवणबेळगोळची मूर्ती उभारणारा चामुंडराय सेनापतीच होता. पण ही सवलत हल्ला चालू असेपर्यंतची. समोरचा खाली बसला, हात थांबला, की पुढची कृती कोणत्या खात्यात लिहायची? मला ती संकल्पीत लिहावीशी वाटते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्राण घेण्याच्याही आधी प्रमाद येतो, आणि मला तरी हा खटला तिथेच वाचावासा वाटतो.

अमेरिकेचं न्यायालयही या प्रश्नाभोवतीच फिरलं. पहिल्या ग्रँड ज्युरीने जानेवारी १९८५मध्ये फक्त बेकायदा शस्त्राचा आरोप ठेवला, दुसरीने मार्चमध्ये खुनाच्या प्रयत्नाचा. जुलै १९८६मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने सांगितलं की आरोपीला मनापासून भीती वाटली एवढं पुरत नाही, त्या परिस्थितीत समंजस माणसालाही ती वाटली असती का, हे पाहावं लागेल. मग मॅनहॅटनमध्ये खटला उभा राहिला. बारा ज्युरींपैकी दहा गोरे, आणि निम्मे स्वतः कधीतरी गुन्ह्याचे बळी ठरलेले. १६ जून १९८७ रोजी निकाल आला: खुनाच्या प्रयत्नातून मुक्त, विनापरवाना शस्त्राबद्दल दोषी. न्यायालयाबाहेर जल्लोष झाला, तर कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे बेंजामिन हुक्स यांनी तीव्र निषेध केला. पाच गोळ्या माफ झाल्या आणि पिस्तूल तेवढं गुन्हा ठरलं! त्यासाठी तो जेमतेम आठ महिने तुरुंगात राहिला.

केबीने दिवाणी दावाही लावला होता. तो १९९६मध्ये ब्राँक्समध्ये चालला. घटना तीच, ध्वनिचित्रफीत तीच. ज्युरी सहा जणांचे, त्यांत एकही गोरा नाही. शहरही बदललं होतं. १९९०मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन हजारांवर खून झाले होते, १९९६मध्ये ते हजाराच्या आत आले होते. भीती उतरली की माणूस त्याच गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. या ज्युरींनी गेट्झला दोषी धरून ४ कोटी ३० लाख डॉलर भरपाई ठरवली.

शस्त्राच्या परवान्याचं म्हणाल, तर खास कारण दाखवण्याची ती अट जून २०२२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. गेट्झला जो परवाना नाकारला गेला, तो आज त्या कारणावरून नाकारता येत नाही. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा, कारण ‘आई, आपणही एक घेऊन ठेवू का?’ हा फोन कुणालाही येऊ शकतो.

आणि भरपाईचा हिशेब, कॉमर्सवाली म्हणून मला तो विचारल्याशिवाय राहवत नाही. निकालानंतर गेट्झने दिवाळखोरी जाहीर केली. हे देणं दिवाळखोरीने माफ होत नाही, असं न्यायालयाने बजावलं. २००४मध्ये एका मुलाखतीत त्याला विचारलं, तेव्हा आपण त्यातला एक सेंटही दिलेला नसावा, असं तो म्हणाला. केबी तेव्हाही चाकांच्या खुर्चीतच होता.